खाडा नसलेला रतीब

मराठी समीक्षेने कविता-कादंबरीपासून जाहिराती आणि ट्रकच्या मागे लिहिलेल्या ओळींपर्यंत बरंच काही वाचून पाहिलं आहे. एका प्रकारचं गद्य मात्र तिच्या हातून सुटलं. '७ दिवस मोफत', 'फक्त १ रुपयात सुरू करा', 'कधीही रद्द करा' हे ते गद्य. मराठी माणूस आज दिवसभरात कवितेच्या जितक्या ओळी वाचत असेल, त्याहून या ओळी त्याच्या डोळ्यांखालून नक्कीच जास्त जातात. आणि कवितेची ओळ आवडली नाही तर पान उलटता येतं. ही ओळ वाचली, अंगठा टेकला, की करार होतो.

या मजकुरावर लेखकाचं नाव नसतं, म्हणून तो आपोआप उगवला असं आपण धरून चालतो. तसं नाही. कुठला शब्द मोठ्या टाइपात, कुठला बारीक, 'हो' कुठल्या रंगात आणि 'नको' कुठल्या कोपऱ्यात, हे कुणीतरी विचार करून ठरवलेलं असतं. चार वेगवेगळी वाक्यं लोकांना दाखवून, ज्याने जास्त माणसं अडकतात ते ठेवलं जातं. इतकं संपादन आपल्या एखाद्या कथासंग्रहाच्या वाट्याला आलं तर लेखक धन्य होईल. तेव्हा या गद्याला साहित्य म्हणायचं की नाही हा वाद बाजूला ठेवू. लिहिलेला मजकूर म्हणून ते वाचून पाहू.

होमरची मदत

ते वाचायला सुरुवात करण्यासाठी सर्वांत चांगला दस्तऐवज अमेरिकेतला आहे. जून २०२३मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने अ‍ॅमेझॉनवर खटला भरला. प्राइमचं सभासदत्व लोकांच्या गळ्यात नकळत पडतं आणि सोडवताना नाकी नऊ येतात, असा आरोप होता. आत शिरायला एक-दोन क्लिक पुरत. बाहेर पडायचं तर चार पानं, सहा क्लिक आणि पंधरा पर्याय पार करावे लागत. या बाहेरच्या वाटेला कंपनीत अंतर्गत नाव काय होतं, तेही आयोगाने अर्जात लिहिलं: 'इलियड'. ट्रॉयच्या लांबलचक युद्धाचं महाकाव्य. खटल्याच्या थोडं आधी कंपनीने ही वाट काहीशी सोपी केली होती, आणि सप्टेंबर २०२५मध्ये २५० कोटी डॉलरवर तडजोड झाली. त्यातले १०० कोटी दंड आणि १५० कोटी ग्राहकांना परत. आपलं काही चुकलं, असं कंपनीने मान्य केलं नाही.

ज्याने हे नाव ठेवलं तो या मजकुराचा पहिला समीक्षक म्हणायला हवा. वाट किती लांब आहे, तिच्यावर माणूस किती दमेल, हे त्याला चांगलं माहीत होतं. चुकून लांबलेल्या फॉर्मला कुणी महाकाव्याचं नाव देत नाही. आपल्याकडे सरकारी कचेरीत माणूस चार खिडक्या फिरतो, तेव्हा बहुतेक वेळा त्यामागे आळस किंवा गोंधळ असतो. इथे गोंधळ रचलेला आहे.

होमर वाचलेल्यांना आणखी एक गोष्ट खटकेल. ट्रॉयचा पाडाव ज्याने झाला तो लाकडी घोडा 'इलियड'मध्ये येतच नाही. त्याची हकीकत 'ओडिसी'त येते. म्हणजे बाहेर पडण्याच्या वाटेला 'इलियड' हे नाव शोभत असेल, तर आत येण्याच्या वाटेला घोड्याचं नाव द्यायला हवं होतं. दारात ठेवलेली फुकटची भेट. ती घरात ओढून आणण्याचे कष्टही घरमालकानेच करायचे.

रतीब आणि खाडा

'सबस्क्रिप्शन' या शब्दाला मराठीत दोन जुने शब्द आहेत. मासिकांसाठी 'वर्गणी', आणि दूध, पाव, वर्तमानपत्र अशा रोजच्या जिन्नसांसाठी 'रतीब'. हा शब्द मूळ अरबी, नेमून दिलेलं, ठरलेलं अशा अर्थाचा. आमच्या पापडीत, एकूणच वसईत, तो दोन्ही बाजूंनी ओळखीचा आहे. इथली भाजी, फुलं आणि दूध पहाटेच्या गाड्यांनी मुंबईला जात आलं, त्यामुळे इथल्या कित्येक घरांना रतीब घेण्याइतकंच रतीब घालणंही ठाऊक आहे. रोज ठरलेल्या वेळी ठरलेल्या दारात ठरलेलं माप पोचवायचं आणि पैसे महिन्याच्या शेवटी घ्यायचे, हा व्यवहार घालणाऱ्याच्या बाजूने किती विश्वासाचा असतो हे ज्या घरांनी तो केला त्यांना विचारावं.

रतीब या शब्दाला जोडून दुसरा एक शब्द येतो, आणि माझ्या मते सगळं मर्म त्यात आहे. तो शब्द म्हणजे 'खाडा'. गावाला गेलो, पाहुणे गेले, उपास आला, दूध नको, तर त्या दिवशी खाडा. 'कालनिर्णय' १९७३मध्ये निघालं, आणि त्याच्या तारखांच्या चौकोनांत खाडे लिहिण्याची सोय महाराष्ट्रातल्या गृहिणींनी स्वतःच करून घेतली. एखाद्या तारखेवर फुली, एखाद्यावर 'अर्धा', एखाद्यावर 'दीड'. महिनाअखेर दूधवाल्याची वही आणि भिंतीवरचं कॅलेंडर समोरासमोर यायचं. एखाद्या खाड्यावरून वाद व्हायचा. तो बहुतेक वेळा उंबऱ्यातच मिटायचा.

रतीब हे काही रामराज्य नव्हतं. दुधात पाणी असायचं. पेपरवाला सांगूनही पुरवणी विसरायचा. वर्षाचे पैसे आधी भरले तर बॅग किंवा डबा भेट, अशा योजना वर्तमानपत्रांनीही काढल्या, आणि डब्यासाठी पेपर लावणारी घरंही होती. पण रतीबात तीन गोष्टी पक्क्या होत्या. नकार द्यायला एक वाक्य पुरायचं: "दादा, उद्यापासून नको." ते वाक्य ज्याला सांगायचं तो माणूस रोज दारात येत असे. आणि सांगायचं राहिलं तर नुकसान एका पिशवीचं.

खाड्याची सोय म्हणजे नकाराला करारात दिलेली जागा. ती रतीब बंद करण्याचीही गोष्ट नाही. नातं चालू ठेवून आजच्यापुरतं 'नको' म्हणता येणं, इतकं साधं आहे ते. आता फोनमधली कुठलीही मासिक योजना उघडून खाडा शोधावा. महिनाभर एक गाणं ऐकलं नाही, एक भाग पाहिला नाही, तरी महिन्याचे पैसे पूर्ण जातात. काही ठिकाणी योजना थांबवून ठेवायची सोय असते, पण तीही बऱ्याचदा आपण बाहेर पडायला निघालो, म्हणजे आपणहून दार गाठलं, की तिथे उभी असते. आपण वापरत नाही हे त्या कंपनीला आपल्याहून आधी कळतं, कारण आपण किती वेळ काय पाहिलं याचा तपशील तिच्याकडे मिनिटांत असतो. दाराला कुलूप दिसलं की दूधवाला पिशवी ठेवून जात नसे. इथे कुलूप दिसतं, दूध येत नाही, बिल येतं.

सापळ्याचं माहेर

हा सापळा तंत्रज्ञानवाल्यांनी शोधला असं म्हणून साहित्याच्या मंडळींना हात झटकता येणार नाहीत. त्याचं माहेर आपल्याच आळीत आहे.

१९२६मध्ये न्यू यॉर्कला 'बुक ऑफ द मंथ क्लब' सुरू झाला. दर महिन्याला जाणकारांचं मंडळ एक पुस्तक निवडणार आणि ते सभासदाच्या घरी जाणार. पुढे या क्लबांची जी पद्धत रूढ झाली ती अशी: या महिन्याचं पुस्तक नको असेल तर सभासदाने मुदतीत तसं कळवायचं. कळवलं नाही तर पुस्तक येणार आणि बिलही. गप्प राहणं म्हणजे होकार. ग्रामोफोनच्या तबकड्यांनी हीच पद्धत उचलली. तक्रारी इतक्या वाढल्या की १९७३मध्ये फेडरल ट्रेड कमिशनला या मौनाच्या व्यापारासाठी स्वतंत्र नियम करावा लागला. आज फोनच्या पडद्यावर जे घडतं त्याची पहिली घटना एका चांगल्या कादंबरीच्या पुठ्ठ्यात गुंडाळून आली होती.

मराठी नियतकालिकांनाही हे अपरिचित नव्हतं. भारतात टपालखात्याने व्ही. पी.ची सोय १८७७मध्ये सुरू केली, आणि पुढे तिच्यावर पुस्तकविक्री आणि मासिकं या दोघांचा संसार उभा राहिला. वर्ष संपत आलं की संपादक सूचना छापत: पुढची वर्गणी पाठवा, नको असेल तर तसं कळवा. काहीच कळवलं नाही तर पुढचा अंक व्ही. पी.ने येईल. बघायला गेलं तर हा तोच सापळा. मौनाचा अर्थ होकार.

तरीही मला हा सापळा वाटत नाही. का, ते सांगतो. व्ही. पी. घेऊन पोस्टमन दारात उभा राहत असे. पैसे मोजून द्यायचे की पाकीट परत पाठवायचं, हे त्या क्षणी, डोळ्यांसमोर ठरायचं. नाकारायला 'नको' एवढं म्हटलं की झालं. आणि पाकीट परत गेलं की जाण्यायेण्याचा टपालखर्च संपादकाच्या बोडक्यावर. 'आगाऊ कळवलं असतंत तर आमचं नुकसान टळलं असतं' अशा काकुळतीला येणारे संपादक त्या व्यवस्थेत होते. वाचकाच्या मौनाची किंमत मासिक मोजत होतं.

आता ती किंमत उलट्या बाजूला गेली आहे. मला वाटतं, कुठलीही मासिक योजना तपासायची खरी कसोटी हीच. ती फुकट आहे की एक रुपयाला आहे, सात दिवसांची आहे की तीस, हे दुय्यम आहे. आपण काहीच केलं नाही, विसरलो, आजारी पडलो, कंटाळलो, तर त्या गप्प बसण्याचे पैसे कोण भरतो? आपण भरत असू, आणि आपण जितके जास्त विसरू तितका समोरच्याचा फायदा होत असेल, तर विसरायला लावणं हा त्या व्यवहाराचा भाग होणारच. 'मौनं संमतिलक्षणम्' हे वचन लग्नाच्या बैठकीत ठीक असेल. बँकखात्याला ते लावलं की काय होतं ते आपण पाहतो आहोत.

भारतात याची पहिली मोठी लाट फोनवरच आली होती, स्मार्टफोनच्या आधी. नको असलेल्या कॉलर ट्यून, क्रिकेटचे स्कोअर, राशिभविष्य. चुकून एक आकडा दाबला जायचा आणि प्रीपेडची शिल्लक दर महिन्याला झिजायची. शेवटी २०१३मध्ये ट्रायला सांगावं लागलं की अशी सेवा सुरू करण्याआधी ग्राहकाची दुसऱ्यांदा स्पष्ट संमती घ्या. रोग जुनाच आहे. पडदा मोठा झाला, रक्कम वाढली, आणि भाषा फार गोड झाली.

पडद्याचं निकट वाचन

त्या भाषेकडे वळू. मी मराठीतून ऐकायला-पाहायला मिळणाऱ्या काही सेवांचे पहिले आणि शेवटचे पडदे शेजारी ठेवून वाचले. नावं घेत नाही, कारण ती इतकी सारखी आहेत की एका नावाने दुसऱ्यावर अन्याय होईल.

पहिला शब्द 'फ्री' किंवा 'मोफत'. 'फुकट' कुठेही सापडणार नाही, आणि ही निवड सहज झालेली नाही. मराठीत 'फुकट' या शब्दाला संशयाची फोडणी असते. फुकट्या, फुकटची हमाली, फुकटचा सल्ला. 'फुकट ते पौष्टिक' असं आपण म्हणतो तेही डोळा मिचकावून. 'फुकट' वाचलं की मराठी माणूस क्षणभर थांबतो. 'मोफत' वाचून थांबत नाही. जाहिरात लिहिणाऱ्याला तो क्षण नको असतो.

दुसरा शब्द 'ट्रायल'. कापडाच्या दुकानात आपण ट्रायल घेतो तेव्हा पॅन्ट अंगाला बसते का ते पाहतो, नाही बसली तर तिथेच ठेवून निघतो. निघताना दुकानदार आपलं पाकीट ठेवून घेत नाही. इथे ट्रायलच्या आधीच कार्डाचा क्रमांक किंवा यूपीआयची कायमची परवानगी द्यावी लागते. आठव्या दिवसापासून पैसे जाणार हे लिहिलेलं असतं, नाही असं नाही. पण 'मोफत' ज्या टाइपात असतं त्याच्या पाव टाइपात, करड्या रंगात, आणि पुष्कळदा इंग्रजीत. आमंत्रण मायबोलीत, अटी परक्या बोलीत. मराठीला अभिजात दर्जा मिळून काळ लोटला, पण बाहेर पडायचं बटण तिला अजून क्वचितच मिळालं आहे.

तिसरी गोष्ट निवेदकाची. 'हो'च्या बटणावर वाक्य आपल्या तोंडी घातलेलं असतं: 'हो, मला हवं.' 'नको'ही आपल्याच तोंडी, पण कसं? 'नको, मला पूर्ण किंमत भरायला आवडेल.' 'नको, मला चांगल्या गोष्टी चुकल्या तरी चालतील.' प्रथमपुरुषी निवेदनाचा हा वापर कथाकारांनी अभ्यासावा असा आहे. नकार देणाऱ्याला आपल्याच तोंडाने आपण मूर्ख असल्याची कबुली द्यावी लागते. मराठी घरांत एकाही पानावर 'नको' म्हणणं अवघड असतं, आग्रह हा पाहुणचाराचा भाग असतो. पण 'नको म्हणजे तुला स्वयंपाकातलं काही कळत नाही' असं कुणी म्हणत नाही, आणि आग्रहाने वाढलेल्या जिलबीचं बिल येत नाही.

चौथी गोष्ट शेवटाची. बंद करायला जावं तर 'योजना' नावाच्या पानात ते नसतं, 'मदत'मध्ये असतं, मदतीत एक प्रश्नोत्तर, त्यात एक दुवा. मग 'तुम्ही जाताय याचं वाईट वाटतं'. मग कारण विचारणारी प्रश्नावली. मग अर्ध्या किमतीचा प्रस्ताव. शेवटच्या पानावर दोन बटणं: 'चालू ठेवा' आणि 'रद्द करणं रद्द करा'. या दोनांत बाहेरचं दार कुठलं? एकही नाही. ते खाली, रेघेशिवाय, साध्या अक्षरांत आहे. ज्या हाताने सुरुवातीचं पान इतकं स्वच्छ लिहिलं त्याच हाताने हे लिहिलं आहे. त्याला लिहिता येत नाही असं म्हणायची सोय नाही.

आणि एक घोळ शब्दांचाच. अ‍ॅप फोनमधून काढून टाकलं की योजना बंद झाली असं फार लोक समजतात. घरातून दुधाचं पातेलं हलवलं म्हणून रतीब थांबत नाही. 'काढणं' आणि 'बंद करणं' ही दोन वेगळी कामं आहेत, आणि ती वेगळी आहेत हे त्या पडद्यावर ठळक सांगण्यात कुणालाच रस नसतो. पैसे कापायची परवानगी अ‍ॅपमध्ये राहत नाही. ती आपल्या बँकेत, कार्डावर किंवा यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मॅन्डेट' या नावाखाली बसलेली असते, आणि तिथूनही बंद करता येते.

कायद्याने दिलेली नावं

आपल्याकडे या मजकुराची सर्वांत नेटकी समीक्षा सरकारी राजपत्रात झाली आहे, असं म्हटलं तर गंमत वाटेल. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न' रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं जारी केली. हा शब्दप्रयोग हॅरी ब्रिग्नल या इंग्रज डिझायनरने २०१०मध्ये रूढ केला. आपल्या नियमांत अशा तेरा युक्त्यांना एकेक नाव आणि व्याख्या दिली आहे. नावं इंग्रजी आहेत, पण ती मराठीत आणायला कोशाची गरज नाही. खोटी घाई. पिशवीत गुपचूप काहीतरी सरकवणं. नाही म्हणणाऱ्याला लाजवणं. दाखवायचं एक आणि द्यायचं दुसरं. थेंबाथेंबाने भाव वाढवणं. टुमणं लावणं. हे सगळं बाजारात पूर्वापार आहे, म्हणून भाषेत त्याला शब्द आहेत.

त्यातलाच एक 'वर्गणीचा सापळा'. त्याची व्याख्या वाचण्यासारखी आहे. बंद करणं अशक्य किंवा किचकट करणं आणि बंद करायची सोय लपवणं तर त्यात आहेच. पण फुकट योजनेसाठी ग्राहकाला पैसे भरण्याचा तपशील किंवा आपोआप वसुलीची परवानगी द्यायला भाग पाडणं, हेही त्यात सापळा म्हणूनच नोंदलेलं आहे. म्हणजे ज्या एका रुपयाच्या दाराने आपण सगळे आत गेलो, त्या दारालाच नियमाने बोट लावलं आहे. व्याख्या इतकी सरळ असून पडदे फारसे बदलले नाहीत. जून २०२५मध्ये प्राधिकरणाने कंपन्यांना तीन महिन्यांत आपली आपण तपासणी करायला सांगितलं. दुधात पाणी आहे का, हे दूधवाल्यानेच तपासून कळवायचं, असा हा प्रकार.

याहून जास्त फरक रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पडला. १ ऑक्टोबर २०२१पासून तो काटेकोर लागू झाला. आपोआप वसुलीची परवानगी पहिल्यांदा देताना ग्राहकाची जादा खातरजमा हवी, आणि प्रत्येक वसुलीच्या किमान २४ तास आधी त्याला सूचना जायला हवी, नाही म्हणायची सोय त्या सूचनेत असायला हवी. खरं म्हणजे हा खाडाच आहे, बँकेच्या भाषेतला. पण त्याच नियमात, २०२२पासून, साधारण १५ हजार रुपयांपर्यंतच्या पुढच्या वसुलीला दर वेळी ओटीपी लागत नाही. शिवाय ती सूचना येते एसएमएसने, इंग्रजीत, कर्जाच्या आणि लॉटरीच्या पन्नास संदेशांच्या गर्दीत. दूधवाल्याची हाक ऐकू येते, या सूचनेचा आवाज येत नाही.

गेलेल्या माणसाची संमती

हे सगळं शंभर-दोनशे रुपयांचं आहे, त्यावर एवढं लिहायचं काय, असं वाटू शकतं. म्हणून आमच्या आळीतली एक गोष्ट.

एक निवृत्त गृहस्थ गेले. त्यांचा पेपर आणि दूध दुसऱ्या दिवशीच थांबलं. कुणी सांगावं लागलं नाही, पेपरवाला आणि दूधवाला मातीला आले होते. दूधवाल्याने त्या महिन्याचे उरलेले पैसे मागायला दोन महिने लावले, आणि मागितलेही चाचरत. काकूंनी वर्षभराने पासबुक भरून आणलं तेव्हा दिसलं की जुन्या गाण्यांचं एक अ‍ॅप आणि आरोग्याचं दुसरं, दोन्ही दर महिन्याला त्यांच्या खात्यातून पैसे घेत होती. फोन केव्हाच बंद पडला होता. तो चालू केला तरी यूपीआयचा पिन त्यांच्याबरोबर गेला होता. अ‍ॅपच्या मदतकेंद्राला लिहिलं, तर उत्तर आलं की खातेदाराने स्वतः लॉग-इन करून विनंती करावी. शेवटी बँकेच्या शाखेत मृत्यूचा दाखला देऊन खातं गोठवलं, तेव्हा वसुली थांबली. त्या व्यवस्थेच्या दृष्टीने गृहस्थ वर्षभर समाधानी ग्राहक होते. एकदाही तक्रार केली नाही.

रक्कम मोठी नव्हती, काकू त्यावर फार बोलल्याही नाहीत. पण मौनाला होकार धरण्याची ही पद्धत कुठपर्यंत जाते, ते इथे दिसतं. या पद्धतीत सगळ्यांत चांगला ग्राहक तो, जो कधीच काही म्हणणार नाही.

अशा वेळी काय करायचं, ते थोडक्यात. कुणी गेलं की गॅस आणि वीज यांच्या यादीत बँकेला कळवणंही वर घ्यावं, म्हणजे सगळ्या परवानग्या एकदम थांबतात. जिवंत असताना, महिन्यातून एकदा यूपीआय अ‍ॅपमधलं ऑटोपेचं पान आणि कार्डावरची परवानग्यांची यादी पाहावी. बँकेचं पासबुक भरून आणतो तसंच हे. ट्रायल घ्यायचीच असेल तर घेतल्या दिवशीच परवानगी काढून टाकावी. बहुतेक ठिकाणी मुदतीपर्यंत सेवा चालू राहते. जिथे लगेच बंद पडते तिथे मुदतीच्या दोन दिवस आधीची तारीख कॅलेंडरवर लिहावी, जिथे दुधाचे खाडे लिहितो तिथेच. बंद केल्याचा पडदा फोटो काढून ठेवावा. तरीही पैसे गेले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्याने भागलं नाही तर आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही.

वर्गणीची अब्रू

हे लिहिण्यामागे माझी एक वेगळी काळजी आहे, आणि ती वाचकांनाही जवळची असेल. वर्गणी हा मराठी वाङ्मयाचा श्वास होता. वसईचंच पाहिलं तर 'सुवार्ता' मासिक घरोघरी वर्गणीवर गेलं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो १९८३ ते २००७ त्याचे संपादक होते. पुढे २०२०मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेल्या या लेखकाला वाचक मिळाले त्यात वर्गणीदारांचा वाटा मोठा. वर्गणीदार म्हणजे नुसता गिऱ्हाईक नव्हे. पुढचा अंक कसा असेल हे न पाहता त्याचे पैसे आधी देणारा माणूस. हा विश्वास आंधळा नव्हता, कारण अंक आवडेनासा झाला तर पुढच्या वर्षी वर्गणी न पाठवणं एवढंच त्याला करायचं असायचं. त्याचं न करणं हाच नकार होता. वर्गणी थकली म्हणून बंद पडलेल्या मराठी मासिकांची यादी लांब आहे, आणि ती दुःखाची आहे. पण प्रत्येक वेळी वाचकाच्या गप्प राहण्याची किंमत मासिकाने स्वतः मोजली.

आज एखादं छोटं मराठी प्रकाशन किंवा वेब-नियतकालिक वाचकाकडे महिना पन्नास-शंभर रुपये मागतं, तेव्हा वाचक आधी पोळलेला असतो. त्याला तो लाकडी घोडा आठवतो. 'नको बाबा, एकदा कार्ड दिलं की सुटका नाही.' ज्यांनी सापळे लावले त्यांचं यात काही जात नाही, त्यांचे ग्राहक करोडोंत आहेत. जातं ते त्या प्रामाणिक मागणाऱ्याचं. खोट्या नाण्यांनी बाजार भरला की खऱ्या नाण्यालाही लोक चावून बघतात.

तेव्हा आपल्या बाजूने एक छोटी रीत पाडता येईल. वर्गणी मागणाऱ्या प्रत्येक मराठी नियतकालिकाने, प्रकाशनाने, अ‍ॅपने आपल्या पहिल्याच पानावर, 'सामील व्हा'च्या शेजारी, तेवढ्याच टाइपात आणि मराठीत लिहावं: बंद करायचं असेल तर इथे. आणि वर्ष संपलं की आपणहून पैसे कापू नयेत, विचारावं. यात काही वर्गणीदार कमी होतील. जे राहतील ते राहायचं म्हणून राहिलेले असतील.

आणि समीक्षक म्हणून एक सवय लावून घेता येईल. कादंबरी विकत घेताना आपण पहिलं पान वाचतो. फोनमधल्या योजनेचं मात्र शेवटचं पान आधी वाचावं, जिथे 'बंद करा' लिहिलेलं असतं. ते सापडलं तर पुढे जावं. शोधूनही सापडलं नाही, तर त्या पुस्तकाचं परीक्षण तिथेच पूर्ण झालं.